धागा: परदेशी सरकारच्या पैशावर चालणारं वृत्तमाध्यम स्वतंत्र राहू शकतं का? आणि कोणत्या अटींवर?

मध्यमपदलोपी (धागाकर्ता)

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली आणि पुढच्या काही दिवसांतच देशोदेशीच्या लहान वृत्तसंस्थांचे पगार अडकले. १ जुलैला परदेशी मदत वाटणाऱ्या यूएसएड या अमेरिकी सरकारी संस्थेचं वेगळं अस्तित्वच संपलं. पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स'ने तेव्हा समोर आणलेले आकडे असे: अमेरिकी संसदेने २०२५ साठी स्वतंत्र माध्यमं आणि माहितीच्या मुक्त प्रवाहासाठी २६ कोटी ८४ लाख डॉलर मंजूर केले होते. २०२३ मध्ये यूएसएडने ६,२०० पत्रकार, ७०७ बिगरसरकारी वृत्तकक्ष आणि माध्यमक्षेत्रातल्या २७९ नागरी संस्थांना प्रशिक्षण किंवा आधार दिला होता. युक्रेनमध्ये तर दहातली नऊ माध्यमं अनुदानावर अवलंबून होती.

एका सरकारने दुसऱ्या देशातल्या माध्यमांना आणि संस्थांना पैसे द्यावेत का, हा वाद जुना आहे. त्यावर 'सगळे हस्तक' आणि 'सगळे हुतात्मे' असे दोन तट पडतात आणि चर्चा तिथेच अडकते. माझं मत असं, की पैसा कुणाचा यापेक्षा तो कोणत्या करारातून येतो आणि एकाच हातातून किती येतो, यावर स्वातंत्र्य ठरतं. अनुदानाचे करार, हिशेब, कायदे यांची माहिती असलेल्यांनी तपशिलात लिहावं. मुद्दा खोडायचा असेल तर अवश्य खोडा, पण तपशील देऊन.

---

अर्धविराम

चांगला धागा. आधी थोडा इतिहास, कारण आजचे बरेचसे नियम जुन्या चुकांमधून आले आहेत.

शीतयुद्धात कम्युनिस्ट देशांतल्या श्रोत्यांसाठी अमेरिकेने उभारलेलं रेडिओ फ्री युरोप १९५० मध्ये आणि रेडिओ लिबर्टी १९५३ मध्ये सुरू झालं. देणग्यांवर चालणारी खाजगी केंद्रं अशी त्यांची ओळख होती, प्रत्यक्षात पैसा सीआयएचा होता. १९६७ मध्ये 'रॅम्पार्ट्स' मासिकाने अमेरिकी विद्यार्थी संघटनेला सीआयए पैसे पुरवत असल्याचं उघड केलं आणि अशा छुप्या पैशाचे धागे एकेक करून बाहेर येऊ लागले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही रेडिओंचा गुप्त निधी थांबला आणि संसदेकडून उघड तरतूद सुरू झाली. १९८३ मध्ये नॅशनल एंडाउमेंट फॉर डेमॉक्रसी, म्हणजे एनईडी, स्थापन झाली तीही याच विचारातून: जे द्यायचं ते उघडपणे द्यायचं आणि सरकारी खात्याऐवजी वेगळ्या मंडळाच्या हातून द्यायचं.

गुप्ततेचं नुकसान पैसे घेणाऱ्याला सर्वांत जास्त होतं. देणारं सरकार दोन वर्षांत विषय विसरतं. घेणाऱ्या संपादकाचं मात्र आधीचं सगळं काम संशयित ठरतं, पैशाचा उगम त्याला माहीत नसला तरी.

१९५६ चं हंगेरीही विसरू नका. उठावाच्या काळात रेडिओ फ्री युरोपच्या काही प्रसारणांमुळे पाश्चात्त्य मदत येणार अशी लोकांची समजूत झाली. मदत आली नाही. त्यानंतर प्रसारणावरचे अंतर्गत नियम कडक झाले.

---

पाणवठा

वाचतेय. करारांबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा, प्लीज.

---

तिसराडोळा

अर्धविराम, इतिहास पटला. पण 'उघड' म्हणजे 'निर्दोष' असा सूर लागतोय, त्याला माझा विरोध आहे.

ओसीसीआरपीचं उदाहरण घ्या. भ्रष्टाचाराचा शोध घेणाऱ्या पत्रकारांचं मोठं आंतरराष्ट्रीय जाळं, काम उत्तम. डिसेंबर २०२४ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या काही माध्यमांनी मिळून वृत्तांत दिला, की दहा वर्षांच्या काळात या संस्थेच्या खर्चाचा जवळपास निम्मा भाग अमेरिकी सरकारकडून आला आणि काही करारांनुसार प्रमुख पदांवरच्या नेमणुकांना सरकारची संमती लागत होती. बातम्यांमध्ये ढवळाढवळ झाली नाही, असं संस्थेचं म्हणणं. मी ते मान्य करतो. प्रश्न बातमी दाबण्याचा नाहीच. कोणत्या देशातल्या शोधाला पैसा मिळतो आणि कोणत्या देशातल्या शोधाला मिळत नाही, हे देणारा ठरवतो. एकही शब्द न बदलता विषयपत्रिका बदलते.

दुसरं. रशियन सरकार आरटी या वृत्तवाहिनीला पैसे देतं ते प्रचार, आणि जर्मन सरकार डॉइश वेले या प्रसारण संस्थेला देतं ती पत्रकारिता, हे कोणत्या कसोटीवर ठरवायचं? 'आपले आणि परके' यापलीकडची कसोटी सांगा.

---

टिपकागद

तिसराडोळा यांच्या 'प्रमुख पदांवर संमती' या मुद्द्याचं मूळ कराराच्या प्रकारात आहे, म्हणून आधी ते लिहितो. अमेरिकी सरकारचा पैसा तीन प्रकारच्या कागदांतून येतो आणि लोक तिन्हींना सरसकट 'ग्रँट' म्हणतात.

पहिला प्रकार अनुदान. काम संस्थेचं, आराखडा संस्थेचा. सरकार पैसे देतं आणि अहवाल घेतं. दुसरा सहकार्य करार. यात सरकारचा 'ठळक सहभाग' लिहिलेला असतो: वार्षिक कार्ययोजनेला मंजुरी, प्रमुख व्यक्तींना मंजुरी, देखरेखीच्या आराखड्याला मंजुरी. तिसरा कंत्राट. यात सरकार सेवा विकत घेतं आणि काय हवं ते तेच सांगतं.

वृत्तमाध्यमाने कंत्राट घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. सहकार्य करार घ्यायचा तर 'ठळक सहभाग' या शीर्षकाखालची प्रत्येक ओळ वाचून वाटाघाट करावी. प्रमुख व्यक्तींच्या यादीत प्रकल्प व्यवस्थापक आणि हिशेबनीस ठेवावेत. मुख्य संपादक आणि वृत्तसंपादक यांची नावं त्या यादीत जाऊच देऊ नयेत. कार्ययोजनेत 'दरमहा चार शोधवृत्तं' एवढंच लिहावं, विषय लिहू नयेत. विषय लिहिलेत, की बदलायला परवानगी मागावी लागते, आणि परवानगी मागितली की बातमी देणाऱ्याला आधी कळते. हस्तक्षेपाचा हेतू कुणाचाच नसताना हस्तक्षेप होतो तो असा.

आता बोधचिन्ह. यूएसएडच्या नियमांत प्रत्येक कामावर त्यांचं चिन्ह लावणं बंधनकारक होतं, पण चिन्हामुळे कामाच्या स्वातंत्र्याला किंवा तटस्थतेला बाधा येत असेल तर सूट मागता यायची, आणि स्वतंत्र माध्यमं हे त्याचं नियमांतच दिलेलं उदाहरण होतं. सूट आपोआप मिळत नसे. करारावर सही होण्याआधी चिन्हांकनाच्या आराखड्यात कारणासह मागावी लागे. सहीनंतर जागे होणाऱ्यांची फार अडचण व्हायची.

---

सांजवात

पण टिपकागद, लहान संस्थेला वाटाघाटीची ताकद असते का? चार माणसांचं संकेतस्थळ, समोर परराष्ट्र खातं.

---

टिपकागद

थेट खातं समोर क्वचितच असतं. बहुतेकदा मधे एखादी मोठी आंतरराष्ट्रीय संस्था असते, तिचा सरकारशी मूळ करार आणि लहान संस्थेशी उपकरार. वाटाघाट तिच्याशी करायची. मूळ करारातली प्रत्येक अट खाली उतरवणं तिच्यावर बंधनकारक नसतं, पण वकिलाचा वेळ वाचवायला ती सगळ्याच अटी जशाच्या तशा उतरवते. 'यातल्या कोणत्या अटी खाली लागू करणं सक्तीचं आहे?' एवढा एकच प्रश्न लेखी विचारला तरी पानं कमी होतात.

अप्रत्यक्ष खर्चाचंही तसंच. ऑक्टोबर २०२४ पासून अमेरिकी नियमांत, दर ठरवून न घेतलेल्या संस्थेला १५ टक्क्यांपर्यंत सरसकट अप्रत्यक्ष खर्च मागता येतो, आधी तो १० टक्के होता. उपकरारातल्या संस्थेलाही तो लागू आहे. भाडं, हिशेबनीस, लेखापरीक्षण, वकील हे सगळं त्यातून निघतं. कितीतरी लहान संस्था तो मागतच नाहीत, कारण मधली संस्था आपणहून सांगत नाही.

---

शाईदौत

युरोपीय संघाच्या अनुदानाचं गणित आकड्यांत मांडते. माध्यमं बुडतात ती बहुधा राजकारणापायी नाही, रोख रकमेच्या तुटवड्यापायी.

समजा प्रत्यक्ष खर्च २,००,००० युरो. अप्रत्यक्ष खर्च कमाल ७ टक्के, म्हणजे १४,०००. एकूण २,१४,०००. संघाचा वाटा ९० टक्के धरला तर १,९२,६००. उरलेले २१,४०० संस्थेने दुसरीकडून आणायचे, आणि ते संघाच्याच दुसऱ्या निधीतले चालत नाहीत. त्यात आगाऊ मिळणारी एकूण रक्कम संघाच्या वाट्याच्या ९० टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे १९,२६० युरो अंतिम अहवाल आणि खर्चाची पडताळणी मंजूर झाल्यावर हातात. मंजुरीला महिने लागतात. तोवर सुमारे ४०,६६० युरोंचा भार संस्थेच्या खिशावर. दहा जणांच्या वृत्तकक्षाकडे एवढी शिल्लक नसते, म्हणून शेवटच्या तिमाहीत पगार थांबतात आणि नेमके अनुभवी लोक सोडून जातात.

उपाय आहेत. सहनिधी देणारा दुसरा दाता अर्जाच्या वेळीच लेखी पक्का करायचा. शेवटच्या तीन महिन्यांत मोठी खरेदी ठेवायची नाही. आणि अगदी लहान संस्था असेल तर थेट अर्ज न करता मोठ्या अनुदानाखालचं उप-अनुदान घ्यायचं. त्याची मर्यादा साधारणपणे संस्थेमागे ६०,००० युरो असते आणि कागदपत्रं बरीच कमी लागतात.

विनिमयदराकडेही लक्ष हवं. करार युरोत, पगार स्थानिक चलनात. संघाच्या हिशेबाला कोणता दर लावायचा हे करारात ठरलेलं असतं, बँक मात्र आपला दर लावते. फरक संस्थेचा, विनिमयातला तोटा पात्र खर्चात धरला जात नाही. चलन घसरणाऱ्या देशात वेगळाच पेच येतो: हातात स्थानिक चलन जास्त पडतं आणि अंदाजपत्रकाच्या ओळी फुगतात, मग मुदतीत खर्च झाला नाही म्हणून पैसे परत करावे लागतात. अंदाजपत्रकात फेरबदलाची मुभा किती टक्क्यांपर्यंत आहे ते सहीच्या दिवशीच पाहून ठेवा.

---

अनुस्वार

शाईदौत, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

एक भर घालतो. लेखापरीक्षणात सर्वाधिक खर्च नामंजूर होतो तो पगारांचा. एकाच वार्ताहराचा ६० टक्के वेळ एका दात्याला आणि ५० टक्के दुसऱ्याला दाखवला जातो. कुणी मुद्दाम करत नाही; दोन अर्ज दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेले असतात. मग अकराशे पानांच्या कागदांत ते सापडतं आणि दोन्ही दाते वसुली मागतात. प्रत्येक माणसाची एकच मासिक वेळपत्रिका, तिच्यात सगळे दाते शेजारी शेजारी स्तंभांत, बेरीज शंभर. त्याच महिन्यात सही. वर्षाखेरीस एका बैठकीत भरलेल्या बारा पत्रिका परीक्षकाला शाईवरूनच कळतात.

---

गवाक्ष

सगळं बरोबर, पण आपण प्रकल्प-निधीच गृहीत धरून चाललोय. खरा फरक पाया-निधी आणि प्रकल्प-निधी यांत आहे.

स्वीडनची सरकारी मदत संस्था सीडा बऱ्याच वर्षांपासून काही संस्थांना पाया-निधी देते. संस्थेची स्वतःची बहुवार्षिक योजना असते, संपूर्ण संस्थेचं एकच अंदाजपत्रक, एकच अहवाल, एकच लेखापरीक्षण. सीडा त्यात वाटा घालते. पैसा भाड्याला गेला की बातमीला, हे संस्था ठरवते. तिसराडोळा यांच्या विषयपत्रिकेच्या आक्षेपाला मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उत्तर हेच.

पण पाया-निधी मिळवायला संस्थेचं घर आधी नीट लागतं: काम करणारं मंडळ, खरेदीचे लेखी नियम, सह्यांचे अधिकार, हितसंबंध जाहीर करण्याची पद्धत. दाता आधी संस्थेच्या यंत्रणेची तपासणी करतो. जी संस्था ही तपासणी शिक्षा समजते ती प्रकल्पांच्या फेऱ्यात अडकून पडते.

आणि प्रशिक्षण! वृत्तसंस्थेला पैसे हवे असतात पगार, वकील आणि सर्व्हरसाठी; दात्याला सोपं जातं प्रशिक्षण, कारण डोकी मोजता येतात. तेच वार्ताहर एकाच वर्षी तीन वेगवेगळ्या दात्यांच्या 'तथ्यपडताळणी' कार्यशाळेत बसतात आणि त्या दिवसांत बातम्या कोण करतं? ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या गटाच्या मदत समितीने २०२४ मध्ये माध्यमांना आधार देण्याची तत्त्वं स्वीकारली, त्यांत पहिलंच तत्त्व नुकसान न करण्याचं आहे. कार्यशाळांचा भडिमार हेही नुकसानच.

---

लेखनिक

गवाक्ष, अंशतः असहमत. पाया-निधीची सवय लागलेल्या संस्था वाचकांकडून पैसे मागायचं विसरतात. शिवाय दात्यांच्या पैशावर चालणारा वृत्तकक्ष जेव्हा स्थानिक बाजारापेक्षा दुप्पट पगार देतो, तेव्हा जाहिरातींवर जगणारं शेजारचं प्रामाणिक साप्ताहिक आपले दोन चांगले वार्ताहर गमावतं. अनुदान तीन वर्षांनी संपतं. तेव्हा दोन्ही जागा रिकाम्या असतात.

कर्ज हा मार्ग कमी चर्चिला जातो. मीडिया डेव्हलपमेंट इन्व्हेस्टमेंट फंड १९९० च्या दशकाच्या मध्यापासून स्वतंत्र माध्यमांना कर्ज आणि भांडवल देतो: छापखाना, प्रक्षेपण यंत्रणा, सदस्यत्वाची प्रणाली अशा कामांसाठी. छापखाना सत्ताधाऱ्यांच्या मित्राच्या हातात असेल तर शंभर कार्यशाळांपेक्षा स्वतःचं एक यंत्र जास्त स्वातंत्र्य देतं.

---

गवाक्ष

पगाराचा मुद्दा मान्य. काही दाते स्थानिक वेतनपातळीची मर्यादा घालतात, ती सर्वांनी घालायला हवी. पण कर्ज फेडायला उत्पन्न लागतं. जिथे जाहिरातदाराला फोन करून धमकावलं जातं तिथे कर्ज म्हणजे दुसरा फास.

---

उंबरठा

कायद्याची बाजू राहिलीच, ती लिहितो. घेणाऱ्या देशाने दार बंद केलं तर वरची सगळी गणितं गैरलागू होतात.

रशियात २०१२ चा 'परकीय हस्तक' कायदा आधी संस्थांपुरता होता. २०१७ मध्ये त्यात माध्यमं आली, नंतर व्यक्तीही. २०१५ पासून 'अवांछित संस्था' ही दुसरी पायरी. एनईडी या यादीतलं पहिलं नाव, पुढे २०२३ मध्ये मेदुझा हे रशियन वृत्तसंकेतस्थळ आणि २०२४ मध्ये रेडिओ फ्री युरोप/रेडिओ लिबर्टी. हस्तक ठरलात तर प्रत्येक मजकुरावर शिक्का छापायचा आणि ज्यादा हिशेब द्यायचे. अवांछित ठरलात तर तुमच्यासोबत काम करणं आणि तुम्हाला देणगी देणं गुन्हा. म्हणजे फटका थेट वाचकाला बसतो.

जॉर्जियाने २०२४ मध्ये २० टक्क्यांहून जास्त परदेशी उत्पन्न असलेल्या संस्था आणि माध्यमांना नोंदणी सक्तीची केली. २०२५ मध्ये त्याहून कडक कायदा आणला आणि परदेशी अनुदानाला सरकारची पूर्वसंमतीही लागू केली. एल साल्व्हाडोरने २०२५ मध्ये परदेशी निधीवर ३० टक्के कर बसवला. इथिओपियाने २००९ मध्ये हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांवर परदेशी निधीची १० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती २०१९ मध्ये हटवली. हंगेरीचा २०१७ चा कायदा युरोपीय न्यायालयाने २०२० मध्ये संघाच्या कायद्याविरुद्ध ठरवला. भारतात परदेशी देणग्यांच्या कायद्यानुसार (एफसीआरए) वृत्तपत्राचे मालक, संपादक, वार्ताहर आणि वृत्तप्रसारण करणाऱ्या कंपन्या परदेशी देणगी घेऊच शकत नाहीत.

यातून दात्यांनी घ्यायचा धडा: करार करताना 'कायदा बदलला तर' हे कलम हवंच. नोंदणी सक्तीची झाली तर दंड कोण भरणार, वकिलाचा खर्च पात्र धरणार का, कर बसला तर तो अनुदानातून भरता येणार का. ही तीन उत्तरं लेखी नसतील तर पहिली नोटीस येते तेव्हा दाता आणि संस्था एकमेकांकडे बघत बसतात.

---

पाणवठा

उंबरठा, अमेरिकेतही १९३८ पासून असाच कायदा आहे ना? हे सगळे देश त्याचाच दाखला देतात.

---

उंबरठा

आहे. पण तो परदेशी 'प्रिन्सिपल'च्या, म्हणजे ज्याच्या वतीने काम चालतं त्याच्या, सांगण्यावरून किंवा नियंत्रणाखाली काम करणाऱ्याला लागू होतो; नुसतं परदेशी अनुदान मिळालं म्हणून कुणी नोंदणीस पात्र ठरत नाही. रशियाच्या आणि जॉर्जियाच्या २०२४ च्या कायद्यांत नियंत्रण सिद्ध करावंच लागत नाही, पैसा आला एवढं पुरतं. कुठल्याही देशाचा मसुदा वाचताना हाच एक प्रश्न विचारा: हुकूम दाखवावा लागतो की नुसती पावती?

---

गोफण

थोडं अवांतर, पण याच पैशाशी संबंधित. टॉर (ओळख न देता इंटरनेट वापरण्याचं साधन) आणि सिग्नल (सुरक्षित संदेशांचं ॲप) यांच्या वाढीत अमेरिकी सरकारी निधीचा वाटा आहे. सिग्नलला सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकी सरकारच्या पैशावरच्या ओपन टेक्नॉलॉजी फंडाकडून पैसे मिळाले. इथे स्वातंत्र्याचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. त्यांचा मूळ संगणकीय कोड सर्वांसाठी खुला आहे, त्यामुळे देणाऱ्यावर विश्वास ठेवायची गरज पडत नाही, कुणीही तपासू शकतं.

आता धाग्यावर. पैसे घेणाऱ्यांच्या सुरक्षिततेबद्दल लिहायला हवं. अनुदानाची माहिती सार्वजनिक होते: अमेरिकी खर्चाचं संकेतस्थळ आहे, मदतीच्या पारदर्शकतेचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. धोक्याच्या देशातल्या संस्थेने नाव झाकण्याची विनंती करारापूर्वी लेखी करावी. त्याहून मोठा धोका हजेरीपत्रकांचा. कार्यशाळेत नाव, फोन, ओळखपत्र क्रमांक, सही असा तक्ता फिरतो, त्याचा फोटो काढून मेलने दात्याला जातो, तिथून लेखापरीक्षकाला. सीमेवर एक लॅपटॉप जप्त झाला की सगळी यादी पोलिसांच्या हातात. दात्याला बहुधा संख्या आणि पुरावा हवा असतो, नावं नकोच असतात. संकेतांक वापरा, मूळ यादी एकाच ठिकाणी कुलूपबंद ठेवा आणि परीक्षकाला समोर बसवून दाखवा, प्रत देऊ नका.

---

अर्धविराम

गोफण, इथे पेच आहे. वर मीच लिहिलं की गुप्ततेने नुकसान होतं. नावं झाकली तर उद्या तोच आरोप.

---

गोफण

लपवण्याचे दोन प्रकार वेगळे ठेवायला हवेत. संस्थेला पैसा कुठून येतो हे वाचकाला कळलं पाहिजे, निदान दात्यांची यादी आणि प्रत्येकाचा टक्का. त्या पैशातून पगार घेणाऱ्या वार्ताहराचं नाव कळायची गरज नाही. जिथे दात्याचं नाव छापणंच तुरुंगाचं कारण ठरतं, तिथे 'परदेशी सार्वजनिक निधी, एकूण उत्पन्नाच्या अमुक टक्के' इतकं तरी छापावं आणि संपूर्ण हिशेब बाहेरच्या देशातल्या परीक्षकाकडे ठेवावा. सीआयएच्या वेळी कित्येक संपादकांनाच माहीत नव्हतं. तो खरा घात.

---

शब्दवेध

तिसराडोळा यांनी कसोटी विचारली होती, तिचं उत्तर कुणीच दिलं नाही. मी प्रयत्न करतो.

तीन गोष्टी तपासा. संपादकाला कोण नेमतं आणि काढतं? सरकार आणि वृत्तकक्ष यांच्यात कायद्याची भिंत आहे का? ती भिंत ओलांडली गेली तेव्हा काय झालं?

बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस १९३२ पासूनची. २०१४ पर्यंत खर्च परराष्ट्र खात्याकडून, नंतर परवाना शुल्कातून, आणि २०१६ नंतर पुन्हा काही भाग सरकारी अनुदानातून. कोणत्या भाषांत प्रसारण व्हावं यात सरकारचा शब्द असतो, काय बोलावं यात नाही. डॉइश वेले संघीय कराच्या पैशावर चालते, पण तिचा स्वतंत्र कायदा आहे आणि देखरेखीला प्रसारण परिषद आहे.

अमेरिकी सरकारच्या व्हॉइस ऑफ अमेरिका या प्रसारण सेवेची सनद १९७६ मध्ये कायदा झाली आणि १९९४ च्या कायद्याने सरकारी हस्तक्षेपाविरुद्ध भिंत उभी केली. २०२० मध्ये या प्रसारणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या नव्या प्रमुखांनी त्या भिंतीचा नियम रद्द केला. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्यांना संपादकीय कामात ढवळाढवळ करायला मनाई केली. भिंतीची परीक्षा झाली आणि ती टिकली, आरटीच्या बाबतीत अशी परीक्षा झालेली मला ठाऊक नाही.

पण भिंत मजकुराचं रक्षण करते, तिजोरीचं नाही. ही देखरेख संस्था कमीत कमी करण्याच्या १४ मार्च २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर एका शब्दालाही हात न लावता अख्खी प्रसारणं थांबली. अमेरिकी पैशावरच्याच रेडिओ फ्री एशियाने ऑक्टोबरअखेर बातम्यांचं काम थांबवलं. रेडिओ फ्री युरोपला युरोपीय संघाने मे महिन्यात ५५ लाख युरो तातडीने दिले, तोही तात्पुरताच आधार.

---

तिसराडोळा

शब्दवेध, कसोटी मान्य. तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माझा विषयपत्रिकेचा आक्षेप मात्र कायम आहे. गवाक्ष म्हणतात तसा पाया-निधी सर्वत्र असता तर तो मागे घेतला असता.

---

कोरापान

निर्वासित माध्यमांचा उल्लेख राहिला. १९९२ मध्ये ऑस्लोत नॉर्वेच्या आधाराने सुरू झालेला डेमॉक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा घ्या, किंवा २००७ पासून वॉर्सातून पोलंडच्या सार्वजनिक पैशावर चालणारी बेलसॅट वाहिनी. वाचक एका देशात, कार्यालय दुसऱ्या, पैसा तिसऱ्या. वाचक वर्गणी देऊ शकत नाही, कारण वर्गणी हाच गुन्हा. इथे 'स्वावलंबी व्हा' हा सल्ला निर्दय आहे.

अडचण बँकेत येते. नवीन नोंदणी, संवेदनशील देशाचे नागरिक संचालक, देशात असलेल्या वार्ताहरांना लहान लहान रकमा: बँकेची यंत्रणा हे सगळं संशयास्पद ठरवते आणि खातं गोठतं. खातं उघडतानाच दात्याचं करारपत्र, मंडळाची ओळखपत्रं आणि देयकांचा अपेक्षित नमुना देऊन ठेवावा. अवैध पैसा रोखण्याचे नियम ठरवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेची आठवी शिफारस २०२३ मध्ये सुधारली आहे. सरसकट सर्व संस्थांवर निर्बंध नकोत, जोखमीच्या प्रमाणात असावेत असं ती सांगते. बँकेच्या अधिकाऱ्याला तिचा हवाला द्या. आणि दोन देशांत दोन खाती ठेवा.

---

मध्यमपदलोपी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं. लेखनिक आणि गवाक्ष यांचा वाद वाचून माझं मत थोडं सरकलं: करार उत्तम असला तरी एकाच हातातून एक तृतीयांशाहून जास्त पैसा आला, तर तो करार स्वातंत्र्य वाचवू शकत नाही.

आता व्यावहारिक प्रश्न. अमेरिकी पैशावरच्या एखाद्या वृत्तकक्षाला 'काम थांबवा' अशी नोटीस आली. खात्यात आठ आठवड्यांचे पगार. पहिल्या आठवड्यात काय करायचं?

---

टिपकागद

क्रमाने सांगतो.

नोटिशीची तारीख आणि वेळ नोंदवा. त्या क्षणानंतरचा नवा खर्च त्या अनुदानावर टाकू नका. त्याआधी केलेल्या खर्चाचं मागणीपत्र त्याच दिवशी पाठवा. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने आधीच झालेल्या कामाचे जवळपास २ अब्ज डॉलर देण्याचा खालचा आदेश थांबवायला ५ विरुद्ध ४ मतांनी नकार दिला, पण पैसे मागायला ज्यांचे कागद तयार होते त्यांनाच त्याचा उपयोग.

मग रद्द न करता येणारी देणी वेगळी काढा: भाडेकरार, वर्षभराचं होस्टिंग, नोटीस कालावधीचे पगार. करार संपुष्टात आला तर असा खर्च अंतिम हिशेबात मागता येतो, मात्र तो टाळायचा प्रयत्न केल्याचा पुरावा लागतो. म्हणून घरमालकाला आणि पुरवठादाराला रद्द करण्याबद्दल लेखी विचारा आणि त्यांचं उत्तर जपा, नकार आला तरी. उपकरारातल्या संस्थेला अंतिम हिशेबासाठी साधारण ९० दिवस मिळतात. मधल्या संस्थेची माणसंही नोकरी गमावतात, त्यामुळे तुमच्या फायलींची प्रत तुमच्याकडे हवी.

---

गोफण

आणि त्याच आठवड्यात डोमेन, मेल आणि संग्रह कुणाच्या नावावर आहेत ते बघा. प्रकल्पाच्या कार्डवर नूतनीकरण होत असेल तर डोमेन निसटतं आणि कुणीतरी ते उचलून तुमच्याच नावाने खोट्या बातम्या छापतं. नोंदणी संस्थेच्या नावावर घ्या, जमल्यास काही वर्षांचे पैसे एकदम भरा. हल्ल्यांपासून संरक्षणासाठी क्लाउडफ्लेअरचं प्रोजेक्ट गॅलिलिओ किंवा गुगलचं प्रोजेक्ट शील्ड पात्र माध्यमांना मोफत मिळतं. अर्ज आजच टाका, मंजुरीला वेळ लागतो.

---

शाईदौत

मग तातडीचा निधी. लाइफलाइन आणि युरोपीय संघाची प्रोटेक्टडिफेंडर्स ही यंत्रणा धमकी, खटला, स्थलांतर अशा प्रसंगी लहान रकमा लवकर देतात, पण पगाराची तूट त्यांच्या कक्षेत बसत नाही. त्यासाठी युरोपियन एंडाउमेंट फॉर डेमॉक्रसी बघा, ती नोंदणी नसलेल्या गटांनाही देते. अर्जात 'आमचा दाता गेला' एवढंच लिहू नका. पुढच्या सहा महिन्यांत काय छापणार, कमीत कमी किती माणसांत, आणि दर महिन्याला किती पैशांत, हा तक्ता जोडा. एका पानाचा असावा.